पिंजरे धुतले आणि प्रयोग बिघडला

ऑगस्ट १९९८. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या होत्या. समोर काचपट्टीवर मादी उंदरांच्या अंडपेशी. हे उंदीर कंट्रोल गटातले, म्हणजे ज्यांना काहीच द्यायचं नसतं असे. अशा उंदरांत शंभरातल्या एक-दोन अंडपेशी बिघडलेल्या निघतात, हे त्या प्रयोगशाळेला आधीच्या मोजण्यांवरून पाठ होतं. या खेपेला बिघडलेल्या पेशी निघाल्या ४० टक्के.

विषशास्त्राच्या वर्गात मी हे प्रकरण इथपर्यंत सांगतो आणि थांबतो. ‘तुमच्या कंट्रोलमध्ये असं झालं तर आधी काय तपासाल?’ उत्तरं साधारण ठरलेली असतात. खाद्य बदललं असेल, एसी बंद पडला असेल, उंदरांना संसर्ग झाला असेल, पेशी वाढवायच्या द्रावणाची नवीन बाटली उघडली असेल, काचपट्ट्या मोजणारा नवशिका असेल. एखादं पोरगं मात्र प्रामाणिकपणे म्हणतं, ‘सर, तो गट टाकून देऊ आणि नवे उंदीर घेऊ.’ वर्ग हसतो. पण हेच उत्तर सगळ्यात खरं आहे. कंट्रोल बिघडला की प्रयोग रद्द, नोंदवहीत एक ओळ आणि पुढचा गट सुरू, असं किती ठिकाणी झालं असेल याचा हिशेब कुणाकडेही नाही.

पिंजऱ्याचं नाव आजवर कुणी पहिल्या फेरीत घेतलेलं नाही.

त्या काचपट्टीवर काय दिसत होतं

हंट यांचा मूळ प्रश्न रसायनांचा नव्हताच. वाढत्या वयाच्या स्त्रियांच्या अंडपेशींत गुणसूत्रांची संख्या चुकण्याचं प्रमाण वाढतं. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या क्रमांकाचं गुणसूत्र जास्तीचं येतं ते बहुतेक वेळा अंडपेशीकडूनच. हे का होतं, त्यात हॉर्मोनचा काही हात आहे का, हे त्या उंदरांत शोधत होत्या.

पद्धत वेळखाऊ आहे आणि हाताला वळण लागावं लागतं. साधारण चार आठवड्यांच्या मादीचं अंडाशय काढून छोट्या बशीत ठेवायचं आणि बारीक सुईने टोचत जायचं. टोचलं की अंडपेशी बाहेर येतात, गोल, पारदर्शक, ७०-८० मायक्रॉनच्या. नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसावा एवढ्या. काचेच्या ओढून बारीक केलेल्या नळीने त्या एकेक करून उचलायच्या आणि द्रावणात उबेला ठेवायच्या. तासा-दोन तासांत आतलं मोठं केंद्रक विरघळतं आणि अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन, जे मादी जन्मायच्या आधीच सुरू होऊन मध्येच थांबलेलं असतं, ते पुढे सरकू लागतं. काही तासांनी पेशी स्थिर करून चमकत्या रंगांनी रंगवली की सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसतात. एक, तर्कू, म्हणजे तंतूंची ती मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती चाती. दुसरी, तिच्या बरोबर मधोमध आडव्या रांगेत उभी राहिलेली गुणसूत्रं. उंदराच्या २० जोड्या, माणसाच्या २३.

निरोगी पेशीत ही रांग अशी सरळ असते की पाहणाऱ्याला शंका राहत नाही. हंट यांना दिसलं ते असं: चाती तयार आहे, पण गुणसूत्रं विस्कटलेली. काही मध्यावर, काही एका टोकाला, काही नुसतीच भरकटलेली. शाळेची घंटा झालीय आणि निम्मी मुलं अजून मैदानातच आहेत, तसं. या अवस्थेत पेशी दोन भागांत वाटली गेली तर वाटणी चुकण्याची भीती असते. एकीकडे गुणसूत्र जास्त, दुसरीकडे कमी.

इथे एक बारकावा आत्ताच नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या भांडणात तो कामाला येतो. रांग बिघडणं म्हणजे संख्या चुकणंच असं नाही. पेशीकडे स्वतःचा राखणदार असतो. रांग लागली नाही तर तो विभाजन अडवून धरू शकतो. पहिली गोष्ट मोजणं सोपं, दुसरी मोजणं कठीण.

फरशीचं डिटर्जंट

एकेक शक्यता बाद करत शोध शेवटी उंदरांच्या खोलीत पोचला. तिथे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या होत्या. हे प्लास्टिक काचेसारखं स्वच्छ, चिवट, गरम वाफेत निर्जंतुक करता येणारं. म्हणून प्रयोगशाळांचं लाडकं. पण आता त्यांच्या भिंती धुरकट झाल्या होत्या, पृष्ठभाग चिकट लागत होता, काही बाटल्या गळत होत्या. पिंजरे धुण्याच्या यंत्रात ठरलेल्या साबणाऐवजी चुकून फरशी धुण्याचं, तीव्र क्षारीय डिटर्जंट वापरलं गेलं होतं.

एवढंच. कुणी विष टाकलं नव्हतं, कुणी आकडे फिरवले नव्हते. एका कॅनच्या जागी दुसरा कॅन उचलला गेला.

क्षाराने काय केलं ते रसायनशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं आहे. पॉलिकार्बोनेट ही बिसफेनॉल-ए या रेणूंची लांबच लांब माळ. दोन मण्यांमध्ये कार्बोनेटची गाठ. ही गाठ एस्टर जातीची, आणि एस्टरला गरम क्षार भेटला की गाठ सुटते. सुटलेला मणी म्हणजे मूळचा बिसफेनॉल-ए, ज्याला सगळे बीपीए म्हणतात. पाण्याच्या बाटलीत तो पाण्यात उतरला, पिंजऱ्याच्या भिंतींतून तो उंदरांच्या पायांना, तोंडाला, गवताला लागला. उंदीर पिंजरा चाटतात, कुरतडतात. कंट्रोल गटातले उंदीर, ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं, ते चोवीस तास मात्रा घेत होते.

बीपीए हा काही अनोळखी रेणू नव्हता. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी तो १८९१ साली बनवला. १९३६ साली लंडनमध्ये एडवर्ड डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो स्त्री-हॉर्मोन इस्ट्रोजेनसारखा वागतो. औषध म्हणून मात्र तो मागे पडला, कारण त्याच डॉड्स यांच्या हाती १९३८ मध्ये डीईएस हे कितीतरी जास्त जोरदार कृत्रिम इस्ट्रोजेन लागलं. पुढे १९५३ च्या सुमाराला जर्मनीत आणि अमेरिकेत, दोन कंपन्यांत स्वतंत्रपणे, बीपीएपासून पॉलिकार्बोनेट तयार झालं आणि हा रेणू औषधाच्या कपाटातून थेट कारखान्यात गेला. बाळांच्या दुधाच्या बाटल्या, पाण्याचे मोठे जार, डब्यांच्या आतला इपॉक्सीचा थर. हॉर्मोनसारखा वागणारा पदार्थ बांधकामाचा माल म्हणून वापरायला घेतला, आणि तो हॉर्मोनसारखा वागतो हे तेव्हा सतरा वर्षांपासून छापलेलं होतं. मला या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते, डिटर्जंटची चूक नव्हे.

संशय ते पुरावा: साडेचार वर्षं

पिंजरे बदलले आणि बिघाड उतरू लागला. एवढ्यावर कुणी निबंध छापला असता तर तो वाचनीय योगायोग ठरला असता, पुरावा नव्हे. धुरकट पिंजऱ्यात ताण वाढला असेल, डिटर्जंटचेच अंश पोटात गेले असतील, गळक्या बाटल्यांमुळे उंदीर तहानलेले असतील. यातलं एकही स्पष्टीकरण वेडगळ नाही.

म्हणून हंट यांच्या गटाने चूक मुद्दाम पुन्हा केली. चांगले पिंजरे आणि चांगल्या बाटल्या घेऊन त्याच डिटर्जंटने खराब केल्या आणि त्यांत उंदीर ठेवले. बिघाड परतला. मग पिंजऱ्याला बाजूला काढून शुद्ध बीपीए मादी उंदरांना तोंडावाटे रोज दिलं, अंडपेशी काढायच्या आधी सहा ते आठ दिवस. शरीराच्या दर ग्रॅम वजनामागे २०, ४० आणि १०० नॅनोग्रॅम. मात्रा वाढली तशी विस्कटलेल्या रांगांची संख्याही वाढली. हे सगळं ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात २००३ च्या एप्रिलमध्ये छापून आलं. पहिली विचित्र काचपट्टी ऑगस्ट १९९८ ची. संशयाला एक आठवडा पुरतो, पुराव्याला साडेचार वर्षं लागली.

२० नॅनोग्रॅम म्हणजे किती याचा अंदाज यावा म्हणून: चार आठवड्यांच्या, समजा १५ ग्रॅमच्या, उंदराला दिवसाला ३०० नॅनोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण यापेक्षा शेकडो पट जड असतो.

आता हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, १९८८ मध्ये बीपीएची ‘संदर्भ मात्रा’ ठरवली होती: दर किलो वजनामागे दिवसाला ५० मायक्रोग्रॅम. आयुष्यभर रोज एवढं पोटात गेलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ. ग्रॅमला २० नॅनोग्रॅम म्हणजे किलोला २० मायक्रोग्रॅम. सुरक्षित म्हणून लिहिलेल्या रेषेच्या खाली, निम्म्याहूनही खाली, काहीतरी दिसत होतं.

ती ५० ची रेषा कुठून आली तेही पाहण्यासारखं आहे. १९८२ मध्ये कर्करोगासाठी केलेल्या एका मोठ्या प्राणी-चाचणीत, दिलेल्या सर्वांत कमी मात्रेलाही, म्हणजे किलोला ५० मिलिग्रॅमला, जनावरांचं वजन कमी भरलं. ‘काहीच परिणाम नाही’ अशी मात्रा त्या चाचणीत सापडलीच नाही. मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सुरक्षिततेसाठी एक हजाराने भागलं आणि आले ५० मायक्रोग्रॅम. भागाकार बरोबर आहे. पण त्या खालच्या पट्ट्यात प्रत्यक्ष एकही जनावर तपासलं गेलं नव्हतं. ती जागा गणिताने भरली होती.

‘अति तिथे माती’ हा विषशास्त्राचा जुना पाया, आणि बहुतेक विषांना तो लागूही पडतो: कमी द्या, कमी नुकसान. हॉर्मोनांचं तसं नसतं. शरीर स्वतःच ती इतक्या सूक्ष्म प्रमाणात वापरतं की पेशींतले ग्राहक-रेणू, म्हणजे हॉर्मोन जिथे येऊन बसतं ते रेणू, थोडक्यातच भरून जातात. त्यापुढे मात्रा वाढवली तर परिणाम वाढेलच असं नाही, कधी उलटाही फिरतो. वरून खाली भागत आलेली रेषा अशा पदार्थाला कितपत पुरते, यावरच पुढची वीस वर्षं भांडण झालं.

हंट यांनी गर्भार उंदरिणींवर केलेला पुढचा प्रयोग २००७ मध्ये आला. वर म्हटल्याप्रमाणे मादीच्या अंडपेशींचं विभाजन ती आईच्या पोटात असतानाच सुरू होतं. गर्भारपणात बीपीए मिळालेल्या उंदरिणींच्या पोटातल्या मादी पिल्लांत गुणसूत्रांची देवाणघेवाणच बिघडलेली दिसली आणि ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या अंडपेशींत व भ्रूणांत संख्येच्या चुका वाढलेल्या निघाल्या. म्हणजे मात्रा आजीने घेतली, हिशेब नातवंडांच्या खात्यात.

दुसऱ्यांना तेच दिसलं का?

नाही, निदान सरळ तरी नाही. आणि हा भाग गाळून हे प्रकरण सांगितलं जातं तेव्हा मला ते अर्धवट वाटतं.

२००८ च्या सुमाराला जर्मनी आणि इटलीतल्या संशोधकांनी बीपीए आणि उंदरांच्या अंडपेशी यांच्यावर काळजीपूर्वक प्रयोग केले. गुणसूत्रांची संख्या चुकण्यात लक्षणीय वाढ त्यांना आढळली नाही. रांग बिघडणं आणि संख्या चुकणं वेगळं, तो बारकावा इथे आडवा आला: पेशीचा राखणदार जागा असेल तर विस्कटलेल्या रांगा पुढे सरकतच नाहीत. उद्योगाच्या बाजूने लगेच ‘पुनरावृत्ती होत नाही’ असं म्हटलं गेलं. त्यात तथ्य नव्हतं असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल.

हंट यांच्या गटाने मग स्वतःकडेच पाहिलं. त्यांनाही वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे आकडे मिळत होते. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की उंदरांना कोणतं खाद्य दिलंय यावर बीपीएचा परिणाम बदलतो. प्रयोगशाळेच्या तयार खाद्यात सोयाबीन आणि लसूणघास असतो. दोन्हींत वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन असतात, आणि त्यांचं प्रमाण पोत्यागणिक, हंगामागणिक बदलतं. म्हणजे ज्या उंदराला आपण ‘इस्ट्रोजेनसारखं काहीतरी’ मोजून देतोय, त्याच्या ताटात आधीच इस्ट्रोजेनसारखं काहीतरी न मोजता पडलेलं आहे. खाद्य बदललं की कंट्रोलची पातळी हलते, आणि ती हलली की वरचा फरक कधी दिसतो, कधी बुडतो.

माझ्या मते या वादातला खरा पेच ‘बीपीए विषारी आहे की नाही’ हा नव्हता. तो होता: ज्याच्याशी तुलना करताय तो शून्य खरोखर शून्य आहे का?

आणि हे क्लीव्हलंडला पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या अशा पेशी वाढवत होते ज्या इस्ट्रोजेन मिळालं तरच वेगाने वाढतात. एके दिवशी इस्ट्रोजेन न घातलेल्या बशांतही त्या भराभर वाढू लागल्या. शोध लागला तो सेंट्रिफ्यूजच्या प्लास्टिक नळ्यांपाशी: त्यांतून नोनिलफेनॉल हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन पाझरत होतं. ते निष्कर्ष १९९१ मध्ये छापले गेले. मग १९९३, स्टॅनफर्ड विद्यापीठ. यीस्टमध्ये इस्ट्रोजेनसारखा पदार्थ सापडला असं वाटून संशोधक आनंदले होते. तो यीस्टचा निघालाच नाही. पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमध्ये पाणी भरून ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेत निर्जंतुक केलं, की बीपीए पाण्यात उतरत होतं. हंट यांच्या पिंजऱ्यांच्या पाच वर्षं आधी हे छापून आलं होतं, तेही हॉर्मोनच्या नियतकालिकात. पिंजरे धुणाऱ्या खोलीत ते कोण वाचणार? आणि खरं सांगायचं तर संशोधकही वाचत नव्हते. पेशीवाल्यांचं वाचन वेगळं, गुणसूत्रवाल्यांचं वेगळं.

मोठा प्रयोग, तोच प्रश्न

हे भांडण कायमचं मिटवावं म्हणून अमेरिकेच्या सरकारी संस्थांनी ‘क्लॅरिटी-बीपीए’ नावाचा खटाटोप हाती घेतला. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या, एफडीएच्या, प्रयोगशाळेत, काटेकोर नियमांनी, रॅट जातीच्या उंदरांवर, किलोला २.५ मायक्रोग्रॅमपासून २५,००० मायक्रोग्रॅमपर्यंत मात्रा. आणि त्याच जनावरांचे अवयव देशभरातल्या विद्यापीठांतल्या तज्ज्ञांकडे. कल्पना छान होती. एकच जनावर, दोन्ही बाजूंचे डोळे.

पण याच कार्यक्रमाच्या आधीच्या ९० दिवसांच्या चाचणीत रक्त तपासलं तेव्हा कंट्रोल जनावरांच्या रक्तातही बीपीएची खूण सापडली, आणि तिची पातळी सर्वांत कमी मात्रा घेतलेल्या जनावरांसारखी होती. खाद्य, पाणी, गादी सगळं तपासूनही उगम पक्का सापडला नाही. आता सर्वांत कमी मात्रेचा गट आणि कंट्रोल यांच्यात फरक दिसला नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा? परिणाम नाही असा? की दोघांनाही परिणाम झालाय असा? आकडेशास्त्र यातलं काहीच सांगू शकत नाही. ते फक्त म्हणतं, ‘फरक नाही’.

२०१८ मध्ये मुख्य अहवाल आला. एफडीएने त्यातून सध्याचे वापर सुरक्षित असल्याचा अर्थ काढला. विद्यापीठांतल्या कित्येक संशोधकांनी त्याच प्रकल्पातल्या २.५ मायक्रोग्रॅमच्या गटात काही अवयवांमध्ये परिणाम दिसल्याचं दाखवलं. एकाच उंदरातून दोन निकाल.

त्याच काळात नियम मात्र हलत होते, कधी विज्ञानाच्या पुढे, कधी मागे. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून बीपीए काढलं. अमेरिकेतली बंदी रसायन उद्योगाच्या संघटनेनेच मागितली होती. उत्पादकांनी ते वापरणं आधीच सोडून दिलंय, असं कारण देऊन. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, ईएफएसएने, २०१५ मध्ये रोजची सहनीय मात्रा किलोला ४ मायक्रोग्रॅम ठरवली होती. एप्रिल २०२३ मध्ये ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. वीस हजार पटींनी कमी. आधार अंडपेशींचा नव्हता, उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींमधल्या बदलाचा होता. युरोपच्या औषध संस्थेला आणि जर्मनीच्या धोका-मूल्यांकन संस्थेला ही उडी पटली नाही. जर्मनांनी स्वतःचा आकडा काढला तो हजार पट वर, ०.२ मायक्रोग्रॅमवर. तरी तोही २०१५ च्या आकड्यापेक्षा वीस पट खालीच. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंतून बीपीए हटवण्याचा नियम काढला.

माणसाबद्दल या उंदरांवरून काय म्हणता येतं? थोडंच. हंट यांनी नंतर माकडांवरच्या कामातही भाग घेतला आणि तिथेही गर्भातल्या अंडपेशींत बदल दिसले. पण बीपीएमुळे एखाद्या स्त्रीच्या बाळात गुणसूत्र जास्तीचं आलं, असं हे प्रयोग दाखवत नाहीत, आणि तसं सांगत फिरणाऱ्यांनी हा विषय बदनामच केला आहे.

पुन्हा पिंजरा

हंट २००५ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात गेल्या. पॉलिकार्बोनेटचा धडा एव्हाना बऱ्याच प्रयोगशाळांनी घेतला होता. बाटल्या काचेच्या झाल्या, सोया नसलेलं खाद्य आलं, आणि पिंजऱ्यांसाठी पॉलिसल्फोनसारखं जास्त चिवट, उष्णतेला दाद न देणारं प्लास्टिक पसंत केलं जाऊ लागलं. बाजारातही तसंच चाललं होतं: ‘बीपीए-मुक्त’ची चिठ्ठी आणि आत बीपीएस, बीपीएफ अशी त्याचीच चुलत भावंडं.

आणि मग कंट्रोलचे आकडे पुन्हा हलू लागले. या वेळी बिघाड बारीक होता, ४० टक्क्यांसारखा डोळ्यांत भरणारा नव्हता. पण एकदा हात पोळलेल्या माणसाने कुठे पाहायचं ते ठरलेलं होतं. पॉलिसल्फोनचे काही पिंजरे खराब झालेले निघाले, आणि त्यांतून आता बीपीएस पाझरत होतं. बीपीएऐवजी जे सुरक्षित म्हणून आणलं जात होतं तेच.

गटाने पुन्हा तोच रस्ता धरला: पदार्थ वेगळा काढला, मोजून दिला. बीपीएस आणि तशाच इतर पर्यायी पदार्थांची थोडी मात्रा उंदरांना दिल्यावर नर आणि मादी दोघांच्या जननपेशींत गुणसूत्रांच्या देवाणघेवाणीत बदल दिसले, आणि नरांमध्ये त्याच्या खुणा पुढच्या पिढ्यांतही राहिल्या. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये हे प्रसिद्ध झालं, पहिल्यासारखंच ‘करंट बायॉलॉजी’मध्ये. पंधरा वर्षांनी तेच नियतकालिक, तोच पिंजरा, रेणू फक्त एका रासायनिक गटाने वेगळा.

वर्गात इथे पोचल्यावर मी पुन्हा विचारतो, ‘मग पिंजरा कशाचा घ्याल?’ काच, कुणीतरी म्हणतं. फुटेल, दुसरं म्हणतं, आणि शंभर पिंजरे उचलणार कोण? पोलाद? मग आतला उंदीर दिसणार कसा? पॉलिप्रोपिलीन, त्यात बिसफेनॉल नसतं. बरं, पण ते काचेसारखं आरपार नसतं, आणि त्यात मिसळलेल्या इतर पदार्थांची यादी उत्पादक देईल का? चर्चा लांबत जाते. मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने वेगळंच सुचवलं: पिंजरा कुठलाही घ्या, पण एक पिंजरा उंदराशिवाय ठेवा, त्यात बाटली भरा, बाकीच्यांबरोबरच धुवा, आणि दर महिन्याला त्या बाटलीतलं पाणी तपासायला पाठवा.

तिच्या शेजारच्या मुलाने विचारलं, ‘आणि ते पाणी कशात भरून पाठवशील?’

‘काचेच्या बाटलीत,’ ती म्हणाली. मग थांबून, ‘झाकण बघावं लागेल.’